विभक्त झाल्याची तारीख

खिडकी क्रमांक दोन, यार्मथचं कौटुंबिक न्यायालय,
मंगळवार.
काचेवर मीच चिकटवलेला कागद:
इथे माहिती मिळते, सल्ला नाही.
या दोहोंमधली रेघ
एकोणीस वर्षांत मला नीटशी दिसलेली नाही.

पहिला रेजाँ डूसेट. हातांना आमिषाच्या माशांचा वास,
टोपी काढून छातीशी धरलेली,
मयताला आल्यासारखी.
म्हणतो, नोव्हेंबर ते मे मी लॉबस्टर धरतो,
उरलेले महिने बोटीला रंग लावतो.
पोरांचे पैसे तुम्ही कुठल्या महिन्यातल्या माणसाकडून घेणार?
अख्ख्या वर्षाच्या माणसाकडून, मी म्हणते,
आयकराचे तीन वर्षांचे कागद आणा.
तो हसतो.
तीन वर्षांपूर्वी मी बरा होतो, म्हणतो.
बोट फेडून झाली होती.

दाराशी जाऊन परत येतो.
ती पोरं भेटू देत नाही. मग पैसे थांबवले तर?
नाही. हे दोन वेगळे दोर आहेत,
एक तुटला म्हणून दुसरा सोडायचा नसतो.
पैसे तिचे नाहीत, पोरांचे आहेत.
(दोराचं बोलले, तो सल्ला झाला का?
कोण जाणे. डूसेटला मात्र दोर कळतात.)

मग ब्रिएल म्यूज. कोटाच्या आत बाळ झोपलेलं,
एक मोजा तेवढा बाहेर.
आमचं लग्नच झालेलं नाही, ती हळूच म्हणते,
मग मला काही मागता येतं का?
येतं.
मूल काही दाखला बघून जन्माला येत नाही.
तिने मोजा वर ओढला. अर्ज घेतला.
दोन घेतले.

फोनवर वेंडेल निकर्सन, वय वर्षं एकाहत्तर.
घटस्फोटाला किती काळ वेगळं राहावं लागतं?
एक वर्ष.
घर एकच असलं तर?
चालतं. छप्पर एक, संसार दोन.
पलीकडे बराच वेळ नुसती केटलची शिटी.
मग बाई, आमचं वर्ष अठ्ठ्याऐंशी सालीच भरलं,
तो म्हणाला, आणि फोन ठेवला.
दर हिवाळ्यात एकदा करतो.

साडेअकराला ओडेट सुरेट.
तो मध्ये परत आला होता, म्हणाली.
नाताळच्या आधी. जमतंय का बघायला.
आता माझं वर्ष पुन्हा पहिल्यापासून?
नव्वद दिवसांच्या आत असेल तर नाही, मी सांगितलं.
तेवढी सवलत आहे, पुन्हा जमवून बघायची.
ती बोटांवर मोजू लागली.
मग थांबली: पण त्यातल्या कितीतरी रात्री तो समुद्रावर होता.
त्या कुठे धरायच्या?
मी पुस्तक चाळल्यासारखं केलं.
पुस्तकात समुद्र नाही.
ते वकिलाला विचारा, म्हटलं,
गुरुवारी फुकट असतो.

अर्ज तिने सगळा भरला.
नावं, जन्मतारखा, दोन मुली, एक ट्रक.
एक चौकट कोरी:
विभक्त झाल्याची तारीख.

इथे सगळ्यांचंच पेन अडतं.

ती काचेशी बोलावं तसं बोलली:
वरच्या खिडकीतून मी बोटी मोजायचे,
संध्याकाळी परत येताना. सत्तावीस.
वारं असलं की दोनदा.
एकदा बटाटे सोलत बसले होते,
दार वाजलं, तो आत आला, बूट काढायला लागला,
तेव्हा ध्यानात आलं,
आज मोजायचं राहिलंच.
आणि पोटात काही हललंसुद्धा नाही.

केव्हाची गोष्ट?
बर्फ होतं. जुनं, काळं पडलेलं.

वर्ष, महिना, दिवस, मी म्हटलं,
आकड्यांतच लिहावं लागतं.
रांगेत कुणीतरी खोकलं.
तिने वर्ष लिहिलं. महिना लिहिला.
दिवसावर पेन टेकवून वर पाहिलं.
अंदाजे चालेल?

चालेल, मी म्हटलं.
एवढं तरी माहितीत बसतं.